पहिल्या नंबरची शांतता

अकरा वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि अकरा वर्षं तुम्ही तोंडातून ब्र काढला नाहीत. दरसाल माझे कान तपासलेत, कागदावर रेघा ओढल्यात, त्याखाली 'पाहिले' म्हणून सही ठोकलीत, फाइल कपाटात ढकललीत आणि चहा प्यायला गेलात. चोर निदान घरचे झोपलेत का बघून तरी आत शिरतो. तुम्ही मला खुर्चीत बसवून, कानाला यंत्र लावून, घरातलं काय काय गेलं ते नीट लिहून घेतलंत, आणि घर ज्याचं त्यालाच तेवढं सांगितलं नाहीत.

हे सगळं तो बोलत होता, पण मनातल्या मनात, कंपनीच्या फाटकापासून घराकडे चालताना. ओठ हलत असावेत, कारण समोरून येणारी एक बाई त्याच्याकडे बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेली. चोपन्न वर्षांचा माणूस, खांद्याला डब्याची पिशवी, बुटांवर काचेची पांढरी भुकटी, आणि भर दुपारी हवेशी भांडण. बाईचं काय चुकलं? त्यालाही स्वतःची भीती वाटत होती. कंपनीत त्याला सगळे कानसेन म्हणत. कामावर लागून पाच-सहा वर्षं झाली तेव्हा कोणीतरी थट्टेनं हे नाव ठेवलं, आणि पुढं ते इतकं अंगाला चिकटलं की पगाराच्या रांगेत खरं नाव पुकारलं तर शेजारचा ढोसायचा, "अरे, तुलाच बोलावतायत." नाव कमावलेलं होतं. काही जण दारूपायी ओळखले जातात, काही बायकोच्या तोंडापायी. हा कानापायी ओळखला जायचा. आणि आज सकाळी साडेअकरा वाजता, कंपनीच्या दवाखान्यात, नव्यानं लागलेल्या डॉक्टरीणबाईनं त्याला विचारलं, "काका, मशीन घालून नाही आलात?"

"कुठलं मशीन?"

"कानाचं."

"माझ्या कानाला काय धाड भरलीय?" तो हसला होता. "बाई, तुम्ही नव्या आहात. बाहेर कोणालाही विचारा माझे कान कसे आहेत ते."

बाई हसली नाही. तिनं फाइल फिरवून त्याच्यापुढं केली. कागदावर दोन रेघा होत्या, एक लाल, एक निळी. डावीकडून दोन्ही शहाण्यासारख्या सरळ येत होत्या आणि मध्यावर आल्यावर, कड्यावरून पाय घसरावा तशा, एकदम खाली. "ही जाड आवाजांची बाजू," ती पेन टेकवत म्हणाली, "आणि ही बारीक आवाजांची. इथून पुढचं तुम्हाला जवळजवळ काहीच येत नाही. तुम्ही बहिरे नाही, काका. बोलणं बरंचसं कळतं, उरलेलं तुम्ही ओठ बघून भरून काढता. पण वरचं गेलंय." वरचं गेलंय. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू सोडून गेल्यासारखं. मग तिनं मागची पानं उलटली. दर पानावर तीच घसरगुंडी, मागं जावं तशी थोडी कमी खोल, आणि दर पानाच्या तळाशी जुन्या डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात एकच ओळ, 'कामगारास कळवावे', आणि तिच्याखाली ऑफिसची गिचमीड सही. अकरा पानं. अकरा ओळी. अकरा सह्या. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," बाई म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला असावा, कारण पुढचं वाक्य त्याला नुसतं दिसलं.

आता रस्त्यानं चालताना तो हेच तपासत होता की काय दिसतंय आणि काय ऐकू येतंय. ट्रक गेला, तो ऐकू आला, पोटातसुद्धा आला. चौकातल्या किल्ल्या बनवणाऱ्यानं तयार किल्ली जुडग्यात टाकून जुडगा हलवून बघितला. तो दिसला. तारेवर चार चिमुकल्या पाखरांच्या चोचींची उघडमीट चालली होती, एखाद्या टीव्हीचा आवाज बंद करावा तशी. तो खाली थांबला आणि मान वर करून बघत राहिला. ही पाखरं कधीपासून गप्प झाली? तो आठवायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं की गप्प झालेल्या गोष्टीची तारीख आठवत नसते. सुरू झालेल्याची आठवते. लग्न आठवतं, पहिला पगार आठवतो, लेकीचं पहिलं रडणं आठवतं. शेवटचं पाखरू कोणत्या दिवशी ऐकलं हे कोण लिहून ठेवतो?

पण तो लिहून ठेवायचा. हेच तर होतं. पाखरांचं नाही, पण गाण्याबजावण्याचं. सव्वीस वर्षं, दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, तो एका जाड पाठकोऱ्या वहीत त्या वर्षी प्रत्यक्ष हजर राहून ऐकलेल्यातले सर्वांत आवडलेले पाच कार्यक्रम लिहायचा. रेडिओवरचं नाही, तबकडीवरचं नाही, फोनवरचं तर नाहीच. आपण बसलोय, समोर माणूस बसलाय, आणि मधली हवा हलतेय. तेवढंच धरायचं. चार रकाने पाडलेले: नंबर, कलाकार, ठिकाण, आणि शेवटचा सगळ्यांत रुंद, 'काय ऐकलं'. त्याला कोणी विचारलेलं नव्हतं, कोणी छापणार नव्हतं. पेपरात लिहिणारे विद्वान वेगळे. त्यांना पहिल्या रांगेत फुकट खुर्ची मिळते आणि मध्यंतरात बिस्किटं. हा तिकीट काढून मागं बसायचा, आणि तरी या यादीसाठी महिनाभर त्याची झोप उडायची. दोन नंबर की तीन नंबर, यावरून तो स्वतःशी इतका भांडायचा की बायको म्हणायची, "अहो, त्या गाणाऱ्यांना तरी ठाऊक आहे का तुम्ही त्यांना नापास केलंय ते?"

हे वेड मामानं लावलं. मामा शिंपी होता, बिनलग्नाचा, तोंडात कायम टाचण्या, त्यामुळं दात आवळूनच बोलायचा. भाचा नऊ वर्षांचा असताना मामा त्याला एका मोठ्या सभागृहात घेऊन गेला. तिकीट एकच होतं, म्हणून दोघं पायऱ्यांवर बसले. स्टेजवर साठ-सत्तर माणसं वाद्यं घेऊन बसलेली. पोराची नजर इकडून तिकडे धावत होती, आणि मामानं त्याची हनुवटी धरून मान एका कोपऱ्याकडे वळवली. तिथं एक टकलू गृहस्थ मांडीवर हात ठेवून बसले होते. त्यांच्यापुढं दोऱ्याला टांगलेली एक पोलादी कांब, तीन कोनांत वाकवलेली. "त्याच्याकडे बघ," मामा दातांतून म्हणाला. "तासभर बसणार आहे तो. एकदाच वाजवणार." आणि खरंच, सगळा गदारोळ टिपेला जाऊन थांबला तेव्हा ते गृहस्थ उठले, कोट सारखा केला, आणि बोटभर काडीनं त्या कांबेला एकदा, फक्त एकदा, स्पर्श केला. तो आवाज सभागृहाच्या छताला जाऊन टेकला आणि तिथंच राहिला. पोराच्या मानेवरचे केस उभे राहिले. "ऐकलंस?" मामानं विचारलं. "ऐकलं." "काय ऐकलंस?" पोराला सांगता येईना. मामा म्हणाला, "सांगता येईल तेव्हा सांग. घाई नाही." मामा गेला तेव्हाही सांगता आलं नव्हतं, म्हणून असेल, पण वहीतला शेवटचा रकाना सगळ्यांत रुंद ठेवला तो मामासाठी.

मग काच. बाविसाव्या वर्षी तो बाटल्यांच्या कारखान्यात लागला, थंड बाजूला. भट्टीकडची ती गरम बाजू. तिथं माणसं वाळतात. थंड बाजूला पट्ट्यावरून बाटल्या येतात, हजारोंनी, एकमेकींना खांदे मारत, आणि त्यांचा जो किणकिणाट होतो तो आठ तास, सहा दिवस, अठ्ठावीस वर्षं. पहिल्या आठवड्यात फोरमननं त्याला पट्ट्याशी उभं केलं आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला, "काय दिसतंय?" "बाटल्या." "डोळे मीट. आता?" त्यानं डोळे मिटले. आणि त्या सगळ्या टिंग-टिंग-टिंगमध्ये एक ठक आलं. त्यानं डोळे न उघडताच हात पुढं केला, बाटली उचलली. बुडाशी केसाएवढा तडा. फोरमन त्याच्याकडे बघतच राहिला. "लेका, काच डोळ्याला दिसत नाही," तो म्हणाला, "कानाला दिसते. तुला दिसली." त्या दिवशी तो घरी उडत आला. मामानं दिलेलं पोटापाण्याच्या उपयोगी पडलं, असं कितीजणांच्या नशिबी येतं?

कंपनी कानात घालायला पिवळे बोळे द्यायची. एक जोड, महिनाभर. पण दोन्ही कान बंद केले तर तडा कसा कळणार? म्हणून त्यानं एक तोड काढली, जी त्या खात्यातल्या माणसालाच सुचावी आणि त्या खात्यातल्या माणसालाच शहाणपणाची वाटावी. तो फक्त डावा बोळा घालायचा. उजवा कान कंपनीचा, डावा घरचा, असं तो सगळ्यांना ऐटीत सांगायचा. उजवा झिजला तर झिजला, डावा गाण्यासाठी राखून ठेवलाय. सभागृहात तो कायम उजव्या अंगाच्या खुर्च्यांवर बसायचा, डावा कान स्टेजकडे येईल असा. बोळ्याविना उभं राहणं नियमात बसत नव्हतं. पण त्याच्या पाळीत फुटका माल सर्वांत कमी बाहेर जायचा, त्यामुळं साहेब लोक त्याच्या उजव्या कानासमोरून जाताना डोळ्यांवर कातडं ओढून जायचे. कोणी म्हणालं नाही, बाबा, बोळा घाल. उलट पाहुणे आले की त्याला दाखवायचे. "हा आमचा कानसेन. डोळे मिटून तडा पकडतो." पाहुणे टाळ्या वाजवायचे. त्यालाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. आज त्या बाईनं लाल रेघेवर पेन टेकवून सांगितलं होतं, "उजवा तर गेलेलाच आहे. डावासुद्धा फार मागं नाही." अर्धवट बसलेला, धुऊन धुऊन कडक झालेला महिन्याचा बोळा. त्यानं काय राखलं होतं? चाळणीत पाणी राखलं होतं.

आणि चार वर्षांपूर्वी पट्ट्यावर कॅमेरे बसवले आणि त्याला खोक्यांच्या बांधणीच्या खात्यात पाठवलं, तेव्हा साहेबांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "खूप उभं राहिलात. आता जरा बसून काम करा." आणि त्यानं, याच माणसानं, डोळ्यांत पाणी आणून साहेबांचे आभार मानले होते. घरी येऊन बायकोला सांगितलं होतं, माणूस देव आहे. देव! देवाच्या कपाटात फाइल होती. देवाला ठाऊक होतं की याला आता टिंग आणि ठक सारखंच येतं.

घरी लेक आलेली होती. ती दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. वर्षअखेरीची सुट्टी असली की दोन दिवस यायची, यादीचं वाचन ऐकायला, निदान तसं म्हणायची. बायको खिडकीशी बसून भाजी चिरत होती. तो आत आला, बूट काढले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. रेघा, अकरा पानं, वरचं गेलंय. लेक तोंडावर हात ठेवून बसली. बायकोनं सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला ऐकूच येत नव्हतं?"

"तेच तर सांगतोय."

"स्वयंपाकघरातून मी हाका मारायचे तेव्हा."

"नसेल आलं."

"तुमच्या आईच्या आजारपणात मी बोलले होते, मी थकलेय म्हणून, पाठमोरी होते, भांडी घासत होते. तुम्ही पेपर वाचत बसलात."

त्यानं वाकून एक बूट उचलला.

"मी समजत होते तुम्हाला माझी किंमत नाही," ती म्हणाली. तिनं हे त्याच्याकडे तोंड करून, हळू, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, आजच शिकल्यासारखं. "सात-आठ वर्षं मी मनात तुम्हाला शिव्या घालत होते. कानसेन म्हणे. गाणाऱ्यांचं ऐकू येतं आणि घरच्या बाईचं येत नाही. आता त्या शिव्यांचं मी काय करू?" आणि मग हसायला लागली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. लेक उठून तिच्या मागं जाऊन उभी राहिली. तो तिथंच, एक बूट हातात घेऊन. त्याला वाटलं, कंपनीनं माझ्या कानातून हात घालून इथवर पोचवला, या खिडकीपर्यंत, या बाईच्या पाठीपर्यंत, आणि मला वाटत होतं की नवराबायको अशीच हळूहळू अबोल होतात, वयानं, जसे केस पांढरे होतात तसे.

दुसऱ्या दिवशी शेवटचा रविवार होता. सकाळी त्यानं वही काढली, पण यंदाचं पान उघडायच्या आधी मागं गेला, पार पहिल्या वर्षापर्यंत. पिवळ्या पानांवर त्याचं तरुण अक्षर, घाईचं, एकावर एक चढलेलं. पाचव्या वर्षी, नंबर एक, एका शाळेच्या हॉलमध्ये गायलेली वयस्क बाई, 'काय ऐकलं' मध्ये: 'वरचा सूर सुईसारखा. टोचला आणि रक्त आलं नाही.' सातव्या वर्षी, ग्रंथालयाच्या अंगणात व्हायोलिन वाजवणारी दोघं भावंडं: 'धाकट्याचा सूर भावाच्या सुरावर नखानं ओढलेल्या रेघेसारखा.' त्या अंगणात त्या दिवशी थंडी होती, आणि बाजूच्या माणसानं न विचारता अर्धी शाल त्याच्या गुडघ्यांवर टाकली होती. कोण होता तो? नववं वर्ष: 'लखलखीत.' दहावं: 'काच. तडा नसलेली.' तो वाचत गेला आणि ती वर्षं आतून उजळत गेली. ती सभागृहं, ती मोडक्या हातांच्या खुर्च्यांची रांग, मध्यंतरातला गर्दीचा उबट वास, कार्यक्रम संपल्यावर तास तास चालत घरी येणं, कारण वाहनात बसलं तर कानातलं सांडेल असं वाटायचं. बायको तेव्हा नवी होती आणि दार उघडून म्हणायची, "किती भरून आणलंय आज? पायरीवर सांडू नका." एवढा श्रीमंत होता तो. त्याला कुठं ठाऊक होतं.

मग कुठंतरी अक्षर मोठं झालं, सुटं झालं, आणि शब्द बदलले. तो बोट ठेवून शोधायला लागला. चौदाव्या वर्षी अजून एक 'झणझणीत' आहे. सोळाव्यात 'टोकदार' आहे, पण पुढं प्रश्नचिन्ह. अठरापासून पुढं सगळीकडे घुमारा, गाढ, मऊ, 'खोल विहिरीतून आल्यासारखा', 'जमिनीतून पायात शिरणारा'. बारीक आवाजाची माणसं यादीतून गळत गेली होती. आणि एकविसाव्या वर्षाच्या पानाच्या कडेला त्यानं स्वतःच, मोठ्या शहाणपणानं, लिहून ठेवलं होतं: 'वय वाढलं तशी आवड मुरली. आता चमचमाट नको वाटतो.' ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं. मग त्याला हसू आलं, घाणेरडं हसू, आपणच आपल्याला चोरताना पकडल्यावर येतं तसं. आवड मुरली! मित्रांना त्यानं हे किती वेळा ऐकवलं होतं. तरुण पोरांना किती तोऱ्यात सांगितलं होतं, अजून तुम्हाला खालचे सूर कळायला वेळ आहे. त्याची आवड म्हणून जी काय चीज होती, ज्याच्यावर त्याचा एकट्याचा हक्क होता, जी त्यानं कोणाच्या बापाला विचारून केली नव्हती, ती थंड बाजूच्या पट्ट्यावर वर्षाला एक एक पायरी घासली जात होती आणि तो तिला परिपक्वता म्हणत होता.

"बाबा, यंदाची वाचा ना," लेक समोर येऊन बसली. तोंड त्याच्याकडे.

त्यानं कच्चा कागद काढला. पाच नंबरला एक ढोल वाजवणारा, बाजाराच्या चौकात, ज्याचा हात मोडलेला होता आणि एकाच हातानं वाजवत होता. चारला निवृत्त पोस्टमनांचा गायकवृंद. सगळे बेसूर, पण श्वास एकत्र घ्यायचे. तीनला एक गायक, ज्याचा माइक बंद पडला आणि तो स्टेजवरून उतरून लोकांच्यामध्ये येऊन गायला. दोनला दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात चेलो वाजवणारी नर्स. तिच्या सुरानं बाकड्याच्या लाकडात कंप यायचा. सगळे जाड. सगळे खालचे. त्याला आता ते दिसत होतं. आणि मग एक नंबर.

"एक नंबर," तो म्हणाला, "तू होतीस त्याला. बासरीवाली बाई. सप्टेंबरात, दुपारी, त्या जुन्या व्यायामशाळेत."

"हो."

"काय ऐकलं: शेवटी तिनं बोटाएवढी बासरी काढली. ओठांना लावली. आणि काही वाजवलं नाही. दोन मिनिटं नुसती शांतता वाजवली. बोटं हलत होती, सूर नव्हता. दोनशे माणसं श्वास धरून बसली होती. असं धाडस उभ्या जन्मात पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं."

तो वाचत होता आणि मध्येच, 'बोटं हलत होती' पाशी, त्याला कळलं. लेकीच्या चेहऱ्याकडे बघायची गरज नव्हती. तरी बघितलं.

"ती वाजवत होती, बाबा," ती म्हणाली.

त्यानं कागद खाली ठेवला.

"खूप वरचा सूर होता. केसासारखा. अगदी हळू. लोक म्हणून गप्प होते."

"आणि नंतर मी तिच्याकडे गेलो होतो."

"हो."

"मी तिला म्हणालो, ती शेवटची शांतता..."

"हो, बाबा."

त्याला ती दुपार आख्खी आठवली. बाई पिशवीत बासऱ्या भरत होती, लांबीनुसार, कापडात गुंडाळून. त्यानं तिचे दोन्ही हात धरले होते. ती त्याच्याकडे क्षणभर बघत राहिली, मग त्याच्या काचेची भुकटी बसलेल्या बुटांकडे, मग मागं उभ्या असलेल्या लेकीकडे. आणि म्हणाली होती, "तुम्हाला आवडलं ना? मग झालं." तिला कळलं होतं. परकी बाई, दीड मिनिटाची ओळख, तिला कळलं होतं, आणि तिनं त्याचा मान राखला होता.

"तू तेव्हा का नाही बोललीस?" त्यानं लेकीला विचारलं.

"मला वाटलं तुम्ही तसंच म्हणताय. म्हणजे, लोक म्हणतात ना, सूर इतका नाजूक की शांततेसारखा. मला वाटलं तुम्ही कवीसारखं बोलताय." तिचे डोळे भरले. "मी शाळेत पोरांना सांगितलं, माझे बाबा असं ऐकतात म्हणून."

आतून बायको म्हणाली, म्हणजे दारात येऊन, त्याला दिसेल अशी उभी राहून म्हणाली, "खोडून टाका तो नंबर. नर्सबाईला एक नंबर द्या. ती तरी पूर्ण ऐकू आली."

त्यानं पेन उचललं. खोडणं सोपं होतं. नर्स एकवर, गायक दोनवर, सगळे एकेक पायरी वर सरकले असते आणि कोणाला काही कळलं नसतं. पण पेन कागदावर टेकेना. कारण खोटं काय होतं त्यात? तो तिथं बसला होता. त्यानं ती शांतता ऐकली होती. ती आली तेव्हा सगळ्या अंगावर काटा आला होता, पाठीचा कणा ताठ झाला होता, पाणी खरं डोळ्यांतून आलं होतं. यंदाच्या वर्षात तेवढं दुसरं काहीच त्याला मिळालं नव्हतं. बाकीच्या एकशेनव्याण्णव माणसांना सूर मिळाला, त्याला ती शांतता मिळाली. तिला खोडायचं म्हणजे कानासोबत आता रडणंही कंपनीला देऊन टाकायचं. नाही. यादी आपली आहे. वहीत त्यानं शाईनं लिहिलं, नंबर एक, ठिकाण व्यायामशाळा, काय ऐकलं ते सगळं, शब्द न बदलता. कलाकाराचा रकाना तेवढा कोरा राहिला. तिथं बासरीवालीचं नाव लिहिता येईना. ती वाजवत होती बिचारी. शांतता तिची नव्हती. तिच्या नावावर ती टाकणं म्हणजे तिच्या सुराचा अपमान.

सोमवारी सकाळी, पाळी सुरू होण्याआधी, तो वही काखेत मारून ऑफिसात गेला. साहेबांच्या केबिनचं दार त्यानं ढकललं. ठोठावलं होतं बहुधा. साहेब कपाळाला आठ्या घालून उठले, पण त्याला बघितल्यावर आठ्या विरघळल्या. डॉक्टरीणबाईनं वर कळवलं असावं.

"या, या! बसा!" ते ओरडून म्हणाले. "ऐकू येतंय ना?"

"ओरडू नका, साहेब. तुमचा आवाज जाडा आहे. तो येतो मला."

ते बसले. टेबलावरचे कागद सारखे केले. "हे बघा, जे झालं ते वाईट झालं. आमच्याकडून निरोप राहिला असेल, मी नाही म्हणत नाही. त्या वेळी इथं दुसरी माणसं होती. आता अर्ज द्या, रीतसर, आपण वर पाठवू. मशीनचं बघू, बाकीचंही बघू."

"मशीनचं नंतर. मी दुसऱ्या कामाला आलोय."

त्यानं वही टेबलावर उघडून, फिरवून, साहेबांच्या पुढं केली. साहेबांनी चष्मा लावला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते.

"अरे वा, गाण्याचा छंद! चांगला छंद आहे. मग यात आमचं काय?"

"पहिला नंबर वाचा."

साहेबांनी वाचला. एकदा वाचून त्याच्याकडे बघितलं, आणि परत वाचला. या वेळी ओठ हलले नाहीत.

"ती बाई वाजवत होती," तो म्हणाला. "सगळ्यांना ऐकू आलं. मला जे ऐकू आलं ते तिनं केलेलं नाही. मीही केलेलं नाही. कोणीतरी ते बत्तीस वर्षं बसून केलंय, अकरा वर्षं तर सह्या करून. आणि काम असं केलंय की यंदा त्याच्या तोडीचं दुसरं काही मला मिळालं नाही. रडलो मी."

"अहो, पण हे असं कसं..."

"चार माणसांना ही यादी ठाऊक आहे, साहेब. कोणी छापत नाही. पण सव्वीस वर्षांत मी तिच्यात एक नाव खोटं लिहिलेलं नाही आणि एक रकाना कोरा ठेवलेला नाही." त्यानं खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, आणि खुर्ची ओढून साहेबांच्या तोंडासमोर, ओठ नीट दिसतील अशी, बसला. "हळू बोललात तरी चालेल. पण तोंड माझ्याकडे ठेवून बोला. कलाकार म्हणून कोणाचं नाव लिहू?"